आरशातली मान

४ मार्च
शर्टाचं वरचं बटण लागत नाही. बायको म्हणते, "खाणं कमी करा." गिऱ्हाइकं म्हणतात, तब्येत सुधारली! वजन केलं — दोन किलो कमी. मग सुधारलं काय?

९ मार्च
सकाळी उठलो की तोंड फुगलेलं असतं, डोळे बारीक. अकरापर्यंत जरा उतरतं. दुकानात खाली पडलेले केस झाडायला वाकलो की डोकं भरून येतं, कान गच्च. आज झाडू तसाच टाकला आणि खुर्चीत बसलो.
शेजारच्या खुर्चीवर दादा कुणाची तरी दाढी करत होता. बघितलं. बोलला नाही. बोलेल कसा? वडील गेल्यावर दाराजवळची खुर्ची कुणाची यावरून वाजलं, तेव्हापासून सहा वर्षं बोलणं बंद. एक दुकान, दोन खुर्च्या, एकच लांब आरसा. निरोप गिऱ्हाइकांमार्फत.

१४ मार्च
छातीवर निळ्या शिरा उमटल्यात. बायकोला दाखवल्या नाहीत. बनियन घालूनच झोपतो.

१७ मार्च
हॉस्पिटलात नर्सचं काम करणारा एक जण माझ्याकडे केस कापून घेतो. आज माझी कात्री चालू, आणि हा आरशात माझ्याकडेच बघतोय.
"मानेच्या शिरा नेहमी अशाच फुगलेल्या असतात?"
म्हटलं, हल्ली असतात.
"झोपताना उशा किती घेता?"
म्हटलं, तीन.
गळ्याभोवतीचं कापड त्याने स्वतःच सोडलं. "केस राहू द्या. चला, आत्ता."
अर्धे केस कापलेला माणूस मला स्कूटरवर मागे बसवून हॉस्पिटलात घेऊन गेला. रस्त्यात लोक त्याच्याकडेच बघत होते. पेशंट तोच वाटला असेल.

१८ मार्च
स्कॅन झाला. छातीत गाठ आहे.
डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढून दाखवलं. डोक्याचं आणि हातांचं रक्त हृदयाकडे आणणारी एक मोठी शीर असते. तिची भिंत पातळ, आत रक्ताला जोर कमी. शेजारी गाठ वाढली की आधी तीच चेपते. रक्त वर तुंबतं — तोंड, मान, हात सुजतात. मग ते छातीवरच्या बारीक शिरांतून आडवाटेने खाली उतरतं. त्याच माझ्या निळ्या शिरा.
"गाठ कसली ते तुकडा तपासल्यावर कळेल," बाई म्हणाल्या. "तोवर सपाट झोपायचं नाही."
बायको बाहेर येऊन एवढंच म्हणाली, "आणि मी तुमचं जेवण कमी केलं होतं."

२४ मार्च
लिम्फोमा. कॅन्सरच, पण औषधाला दाद देणारा, असं बाई म्हणतात. सुया पायाला टोचतात — हाताचं रक्त हृदयाकडे नीट पोचत नाही ना!
भीती वाटते. इथे लिहिलं, झालं. बाकी कुणाला सांगायचं नाही.

२ एप्रिल
तोंड उतरलं! गालाची हाडं दिसायला लागली. बायको दोनदा येऊन बघून गेली.

१५ एप्रिल
उशीवर केसांचे पुंजके. संध्याकाळी दादा घरी आला, हातात पेटी. बायकोला म्हणाला, "त्याला म्हणावं, बस."
ती म्हणाली, "समोर आहेत, भावोजी. तुम्हीच सांगा."
दादाने पेटी खाली ठेवली. मग म्हणाला, "बस रे."
बसलो. त्याने डोकं भिजवलं, वस्तरा लावला. मधेच थांबला.
"तुझी मान सुजलीय, हे मला जानेवारीतच दिसलं होतं. आरशात."
"मग?"
"बोलणं बंद होतं ना."
उठून जावंसं वाटलं. पण डोकं अर्धंच झालं होतं.

१६ एप्रिल
दिवसभर राग. सख्खा भाऊ! दोन महिने शेजारी उभा राहून बघत बसला. बायको म्हणाली, "चिडायचं तर चिडा, पण जेवून."

१७ एप्रिल
वस्तरा धरला की दादाचा उजवा हात थरथरतो. गेलं वर्षभर बघतोय. मीही बोललो नव्हतो.
आज दुकानात जाऊन त्याला सांगितलं, हात डॉक्टरला दाखव.