आतल्या काचेचा बंदोबस्त

१६ डिसेंबर, सकाळ

विनताचा पुण्याहून फोन. नमूचं बोरन्हाण संक्रांतीला इथंच, जबलपूरला करायचं ठरलं. तेरा जानेवारीच्या पहाटेच्या ट्रेनने ती, जावई आणि नमू, तिघं येताहेत. मी म्हटलं, स्टेशनवर गाडी घेऊन येतो. मग म्हणाली, बाबा, आम्ही ऑटो करू ना. नमूला तुमच्या गाडीत नाही बसवणार मी, धुक्यात तर नाहीच.

गेल्या थंडीतली गोष्ट पोरगी अजून धरून बसली आहे. अधारतालच्या मोडावर शिंगाड्याच्या ठेल्याला गाडी लागली होती. लागली म्हणजे टेकली. शिंगाडे रस्त्यावर पसरले, नमू आईच्या मांडीवर होती ती घाबरून रडली, बस्स. कोणाला ओरखडासुद्धा नाही. आणि चूक माझी नव्हतीच. काच आतून वाफेने पांढरी झाली होती. काचच दिसू देत नसेल तर चालवणारा काय करणार?

खूप विनवलं. शेवटी म्हणाली, काच साफ राहत असेल तर पाहू. पाहू म्हणजे हो.

निश्चय: तेराच्या आत आतल्या काचेचा पक्का बंदोबस्त. नात आजोबाच्या गाडीतूनच घरी येईल. अख्खी नोकरी बिजली विभागात इंजिनिअर म्हणून काढली, गावंच्या गावं उजळली. एका काचेचं काय घेऊन बसलात.

१७ डिसेंबर

पहाटे ट्रायल. बायको, सुहासिनी, सोबत. कोपऱ्यापर्यंत जाईतो काच वाफेने गेली. टॉवेलने पुसली. वाफ परत आली. सुहासिनी म्हणाली, एसी लावा आणि बाहेरची हवा आत घ्या, आतली ओल कमी होईल. शाळेत भूगोल शिकवायची ती, त्यामुळे दव, बाष्प वगैरे सुरू झाली. मी ऐकून घेतलं. डिसेंबरात एसी. शेजारपाजारचे काय म्हणतील, भय्यासाहेबांचं डोकं फिरलं म्हणतील.

उपाय काचेवर करायचा असतो. हवेवर नाही.

१९ डिसेंबर

मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. दाढीचा फेस काचेला लावायचा. त्यातला माणूस म्हणे अगदी पातळ लावा आणि पूर्ण पुसून काढा. पुसूनच काढायचा तर लावायचा काहून? मी जाड लावला. आपण हात आखडणारे नाही.

सायंकाळी: ऊन समोरून आलं आणि काच दह्यासारखी झाली. बाजारातून घरापर्यंत खिडकीतून मुंडी बाहेर काढून आलो. मान धरली आहे. गाडीला सलूनचा वास. फेस हलका होता, कंपनी चांगली घ्यायला पाहिजे होती.

२२ डिसेंबर

अंबादास आला होता. ऑफिसातला जुना दोस्त, रांझीला राहतो. सगळं सांगितलं तर म्हणाला, काहून इतका जीव काढून राहिला बे, येऊ दे पोरीला ऑटोनं. याला कसं समजवावं. याची तिन्ही नातवंडं याच्याच घरात राहतात, याच्याच स्कूटरवर उभी राहून शाळेत जातात. माझी नात वर्षातून एकदा येते.

जाता जाता बटाट्याचा उपाय सांगून गेला. अर्धा कापून काचेवर घासायचा. चलो, तेही करू.

२३ डिसेंबर

बटाटा जबरदस्त निघाला. पहाटे सुहासिनीला घेऊन गेलो. सुरुवातीला वाफ आलीच, मी धीर धरला. सुहासिनीने पुढचं काहीतरी बटण दाबलं, पायाशी गार हवा यायला लागली, मग गरम, मी लक्ष दिलं नाही. थोड्या वेळात काच आरशासारखी. बटाट्याचा असर उशिरा होतो, पण होतो.

विनताला मेसेज केला. तिने अंगठा पाठवला.

२४ डिसेंबर

आज एकटाच गेलो. काही दिसेना. मध्येच थांबावं लागलं, मागून ट्रकवाल्याने काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही. बटाट्याचा असर एकाच दिवसाचा असतो, हे अंबादासने सांगायला पाहिजे होतं.

घरी आज रस्सा बिनबटाट्याचा.

३० डिसेंबर, सोमवार

फुल लोड टेस्ट. गाडीत तेरा तारखेला मोठी तीन माणसं आणि एक पोर असेल, तर जास्तच धरून चालावं. सुहासिनी आणि तिच्या मंडळातल्या मालनबाई, कुसुमबाई, दोघींना नर्मदास्नानाला ग्वारीघाटावर नेलं. जाताना ठीक. येताना तिघींची ओली लुगडी मागे, नर्मदेच्या पाण्याचा कॅन सीटखाली, तोही झाकण सैल. वर तिघी आरती म्हणून राहिल्या, एकदम खुल्या गळ्याने.

काच मिनिटात गेली. मी नम्रपणे विनंती केली की आरती मनातल्या मनात म्हणा, तोंडाची वाफ काचेला लागते. कुसुमबाई म्हणाल्या, भय्यासाहेब, नर्मदामाईचं नाव घ्यायलाही तुमची परवानगी लागते काय? उरलेल्या रस्त्यात सगळ्या गप्प. काच तरीही गेलेलीच.

सुहासिनी म्हणाली की ओले कपडे आणि पाणी गाडीत ठेवाल तर दुसरं काय होणार. नर्मदेच्या पाण्याने गाडीला त्रास होतो हे मी मानत नाही. कॅन तिथंच राहू दिला.

रात्री झोप येईना. समजा तेराला पण असंच झालं. समजा नमू मागे आहे आणि समोर पांढरं आहे. पुढचा विचार केला नाही.

२ जानेवारी

घरगुती उपाय बंद. आता शास्त्रीय मार्ग. अधारतालच्या मेनरोडवर गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे. त्याने दोन बाटल्या दाखवल्या. एक छोटी, आतल्या काचेची, अँटी-फॉग. दुसरी मोठी, काळी, पावसाचं पाणी काचेवर ठरू नये म्हणून. काळीचा वास झाकणातूनच येत होता. दमदार माल. मी तीच उचलली तर तो म्हणाला, अंकल, ये बाहर के शीशे का है, अंदर मत लगाना. मी हसलो. काचेला दोन बाजू असतात, काच एकच असते. जे बाहेरचा पाऊस थांबवेल त्याला आतली वाफ काय भारी आहे.

बाटलीवर बारीक इंग्लिश अक्षरात बरंच लिहिलं आहे. चष्मा घरी होता.

४ जानेवारी, दुपार

लावलं. दारं-खिडक्या सगळ्या घट्ट बंद करून, म्हणजे औषध उडून जाणार नाही. समोरची, बाजूच्या, मागची, एकही काच सोडली नाही. मागच्या काचेच्या काळ्या फिल्मवर डबल हात.

मध्येच डोकं गरगरलं. डोळ्यांतून पाणी. औषध काम करून राहिलं याची खूण. उठायला गेलो तर हात लागून बाटली मागच्या सीटवर आडवी झाली, अर्धी सांडली. सीटला पण आता पाणी लागणार नाही, एवढा फायदाच.

संध्याकाळी

सुहासिनीने मला ओट्यावर बसवून लिंबूपाणी दिलं. पेला संपल्यावर म्हणाली, बंद गाडीत असलं काही लावतं का कोणी, तुम्हाला काही झालं असतं तर मी पोरीला काय सांगितलं असतं. मी म्हटलं, काही झालं नाही ना. ती आत निघून गेली.

५ जानेवारी

मागच्या काचेची फिल्म फुगली, बुडबुडे बुडबुडे, मग सोलून लोंबायला लागली. समोरच्या काचेवर तेलकट फराटे. समोरून गाडीचा लाइट आला की एका लाइटचे दहा होतात. त्यातला कोणता चुकवायचा हेच कळत नाही.

वाफ मात्र आधीइतकीच. म्हणजे वाढली नाही.

खरं सांगायचं तर आज धीर सुटला. आठवडाच उरला. फोन उचलून विनताला सांगणार होतो की ऑटो कर. नंबर लावला. नमूने उचलला आणि नुसतीच ऐकत राहिली. तिचा श्वास ऐकू येत होता. मी काहीच सांगितलं नाही.

८ जानेवारी

मीच सूत्रं हातात घेतली, म्हणजे सुहासिनीला सोबत घेतलं. ती दुकानात जाऊन छोटी बाटली घेऊन आली आणि चष्मा लावून सगळं वाचून दाखवलं. आधी काच पूर्ण स्वच्छ आणि कोरडी करा. आधी एका कोपऱ्यात लावून पहा. चारही दारं उघडी ठेवा. फिल्मवर लावू नका. फवारा काचेवर नाही, कपड्यावर मारा, पातळ हात फिरवा आणि दुसऱ्या मऊ कपड्याने पुसून चमकवा. लहान मुलांपासून दूर ठेवा.

मी म्हटलं, हे तर मला माहीतच होतं.

अख्खा दिवस आधीचं तेलकट काढण्यात गेला. फिल्म खरडून काढली. पाण्याचा कॅन सुहासिनीने उचलून तुळशीपाशी ठेवला, मॅट उन्हात टाकल्या. मॅटखाली बोट बुडेल एवढं पाणी निघालं. मग तिने सांगितलं तसं मी लावलं. हात माझाच होता.

९ जानेवारी, सकाळ

साफ. पहाटे दाट धुकं, आत आम्ही दोघं, आणि काच साफ. सुहासिनीने तेच बटण दाबलं होतं, मी दाबू दिलं. घरापासून स्टेशन आणि परत. समोरचा कुत्रासुद्धा लांबून दिसला.

विनताला व्हिडिओ पाठवला. तिचा लगेच फोन. म्हणाली, ठीक आहे बाबा, या स्टेशनवर. नमूला सांगते आबा येताहेत.

आबा येताहेत. दोनदा लिहिलं तरी हरकत नाही. आबा येताहेत.

१० जानेवारी

छोटासा प्रश्न. मागच्या सीटला काळ्या बाटलीचा वास आहे. सुहासिनी म्हणाली दोन दिवस दारं सताड उघडी ठेवून गाडी उन्हात उभी करा, सीट साबणाने धुवा. धुतली की ओल, ओल की वाफ, परत तेच. आणि दारं उघडी ठेवली तर धूळ काचेवर बसेल. आता तर काच जमली आहे. गाडी बंद करून, वर चादर टाकून ठेवली.

वासासाठी: डांबरगोळ्या सीटखाली, अगरबत्तीचा धूर, आणि लग्नात मिळालेल्या अत्तराची उरलेली बाटली सीटवर.

११ जानेवारी

सर्दी. नाक बंद.

१२ जानेवारी

गाडीत बसून आलो. वास अजिबात नाही. मला तर काहीच येत नाही. सुहासिनीला म्हटलं बसून पहा, तर म्हणाली तिळाचा पाक चढवला आहे, आणि बोरं, चुरमुरे निवडायचे आहेत, तुम्हीच सांगा कसं आहे. मी सांगितलं, फर्स्ट क्लास.

नमूसाठी मागच्या सीटवर धुतलेली गोधडी घातली. उद्या तिला काचेतून उजाडताना दाखवीन.

१३ जानेवारी, सकाळ

धुकं जबर. स्टेशनच्या बाहेर सगळे खोकत उभे. माझी काच एकदम स्वच्छ. नमू वाढली आहे. मला पाहून आधी आईच्या खांद्यात लपली, मग आबा म्हणाली. हात पुढे केले तर आली. मीच तिला गाडीपर्यंत नेलं, मीच दार उघडलं.

दार उघडताच विनता मागे सरकली. नमूने एकदा आत पाहिलं, खोकली, परत खोकली, आणि नाक दाबून रडायला लागली. विनताने तिला माझ्याकडून घेतलं. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. हळू म्हणाली, बाबा, यात पोर नाही बसवता येत हो, तुम्ही पण काच उघडी ठेवून चालवा. जावई भला माणूस. म्हणाले, सामान तुमच्या गाडीत ठेवतो, म्हणजे ऑटोत मोकळं बसता येईल.

बॅगा मागच्या सीटवर, गोधडीवर ठेवल्या. ती तिघं ऑटोत. ऑटोवाल्याला घर माहीत नव्हतं, म्हणून मी पुढे जातो म्हटलं, तर विनता म्हणाली, नको बाबा, मी सांगते त्याला रस्ता, तुम्ही मागून सावकाश या.

मागून सावकाश आलो. वाईट वाटलं. लिहून ठेवतो, फार वाईट वाटलं.

ट्रीटमेंट मात्र शंभर टक्के यशस्वी, हे नमूद करायला पाहिजे. पूर्ण रस्ता वाफेचा ठिपकासुद्धा नाही. ऑटोच्या मागच्या प्लास्टिकच्या खिडकीवर त्यांच्या श्वासाची वाफ धरली होती. नमूने ती आतून हाताने पुसली आणि तिथून माझ्याकडे पाहत राहिली. घरापर्यंत सगळं स्पष्ट दिसत होतं.