कोबीचे गड्डे आणि घुमट

प्रिय दादा,

काल घुमटाखालची परांची उतरवली. हो, जिच्यावरून तू पडलास तीच. शेवटचे पाईप खाली आले आणि आम्ही काचवाले, सुतार, रंगारी सगळे कापूसबाजाराच्या त्या दालनात माना वर करून खुळ्यासारखे उभे. मुकादमसुद्धा आमच्यातच! मी तर चक्क रडले. हसू नकोस. इतके दिवस आपण त्या छताला नाक लावून काम केलं, पण ते पाहिलं कुठे होतं? लोखंडी खांब एवढे सडपातळ, की त्यांनी हे सगळं पेललंय यावर विश्वास बसत नाही. मी बसवलेल्या काचांतला उजेड बरोबर मधोमध उतरतो, जिथे व्यापारी कापूस हातात घेऊन पारखायचे. म्हणजे बांधणाऱ्याने आधी उजेड ठरवला, मग भिंती. कमाल आहे बाई त्या माणसाची!

आणि तुझी गिलाव्याची फुलं! साच्यातून काढताना किती शिव्या घातल्यास, ही फुलं आहेत की कोबीचे गड्डे म्हणून. पाकळ्या जाडजूड, खाचा बोटभर खोल. पण वारसा इमारत, होतं तसंच करायचं, म्हणून दातओठ खात केलीस. दादा, खालून ते गड्डे नाहीत रे. खाचांत सावली बसते आणि अख्खं छत उमललेलं दिसतं. जुनी कुठली, तुझी कुठली, मला ओळखता आली नाहीत. मला, तुझ्या सख्ख्या बहिणीला!

वहिनी सांगते, बाजाराचं नाव काढलं की तू चाकाची खुर्ची भिंतीकडे वळवतोस. पुढच्या दगडी पायऱ्यांना कुणी हात लावू देणार नाही, आणि कुणाच्या पाठुंगळी बसून मी जायचा नाही, असं तू म्हणाला होतास. त्याचं उत्तर माझ्याकडे आता आहे, म्हणून हे पत्र. मागच्या गल्लीतली विटांनी बुजवलेली कमान आठवते? विटा नंतरच्या निघाल्या, म्हणून त्या काढल्या. आत दगडी उतार आहे, कापसाच्या गासड्या हातगाडीवरून आणायला केलेला. रुंद, अलगद चढणारा, थेट घुमटाखाली नेणारा. मी स्वतः सुताराच्या हातगाडीत बसले आणि मुकादमाला ढकलायला लावलं. एक गचका बसला नाही. रविवारी तुला न्यायला येते. खुर्ची दाराकडे वळवून ठेव.

तुझीच,
टकळी