एकोणीस आणि बावीस

सर, तुम्ही गेलात त्याला पंचवीसेक वर्षं होऊन गेली, आणि आता मीही निवृत्त होऊन घरी बसले आहे. जन्मभर गणितच शिकवलं, ते तुम्हाला माहीत होतं. आज लिहायला का बसले ते नीट सांगता येत नाही. एक गोष्ट डोक्यात आहे, तिचा एकदा असा अर्थ लागतो, एकदा तसा, आणि विचारायचं कुणाला तर फक्त तुम्हाला. तुम्ही तर सोयीस्करपणे निघून गेलात. म्हणून जरा चिडूनच लिहिते आहे, राग मानू नका.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. आपल्या सरकारी हायस्कुलात तुम्ही नववीची एक वेगळी तुकडी काढली, शास्त्र-गणिताची. सगळ्या वर्गांची परीक्षा घेऊन तीस जण निवडले, त्यात आम्ही दोनच मुली. उच्च गणित याच तुकडीला, बाकीच्यांना साधं अंकगणित. आणि उच्च गणित नसलं की पुढे कॉलेजात सायन्सचं नाव काढायचं नाही. गावात तिला ‘हुशार पोट्ट्यायची तुकडी’ म्हणत. माझे बाबा रस्त्याच्या गँगवर खडी फोडायचे. आमच्या बौद्धपुऱ्यातून त्या तुकडीत गेलेली मी पहिलीच. बाबा भेटेल त्याला सांगायचे, “माही पोरगी गणिताच्या तुकडीत हाय.” एकदा तर त्यांनी ते एसटीच्या कंडक्टरलाही सांगितलं, आणि त्याने तिकिटं फाडता फाडता बरं बरं म्हटलं. मला लाज वाटायची आणि ऊरही भरून यायचा. पण तुमचा एक नियम होता. सहामाहीला जो शेवटचा येईल तो खाली साध्या तुकडीत जाणार आणि तिथला पहिला त्याच्या जागी वर येणार. या नियमाबद्दल मी बाबांना कधी सांगितलंच नाही.

भूमितीत कच्चे असणाऱ्या आम्हा सहा-सात जणांना तुम्ही शाळेआधी सकाळी घरी बोलवायचे. वर्ग भरायचा तुमच्या स्वयंपाकघरात, कारण चुलीमागची भिंत धुराने इतकी काळी झाली होती की शाळेतल्या फळ्यापेक्षा तिच्यावर खडू चांगला उठायचा. पहिल्या दिवशी मी दाराशीच थांबले. आमच्या वस्तीतल्या मुलीने कुणाच्या चुलीपर्यंत जायचं असतं हे मला माहीतच नव्हतं. तुम्ही वळलाही नाहीत. “भाईरून त्रिकोन दिसते काय तुले? आत ये,” एवढंच म्हणालात. वर्गात पुस्तकी बोलणारे तुम्ही घरी अगदी तुमच्या धनज गावचे होऊन जायचे. काकू रेशनच्या मिलो ज्वारीच्या भाकरी थापताहेत, त्या लाल पिठाच्या भाकरी जागोजागी तुटताहेत, तुम्ही काकूंच्या डोक्यावरून हात नेऊन लंब टाकताय, खडूची भुकटी परातीत पडते आहे आणि काकू तुमच्यावर करवादताहेत. माझी मैत्रीण, तुकडीतली ती दुसरी मुलगी, माझ्या शेजारी मांडी घालून बसली आहे आणि तिला हसू आवरत नाही. तिच्या घरी चांगली ओलिताची जमीन होती, पण माझ्या डब्यातलं ती न विचारता खायची.

आता त्या दिवसाचं. तुमची पद्धत सगळ्या शाळेत निराळी होती. पेपर तुम्ही तपासायचे, पण बेरीज ज्याची त्याने करायची. बीजगणिताचा आणि भूमितीचा असे दोन पेपर हातात द्यायचे, मग हजेरीच्या क्रमाने नंबर पुकारायचे, आणि आम्ही उभं राहून एकूण गुण सांगायचे. तुम्ही मान वर न करता वहीत लिहायचे. बाकीचे मास्तर तुम्हाला हसत. तुम्ही म्हणायचे, ज्याला स्वतःच्या गुणांची बेरीज करता येत नाही त्याला मी पुढचं काय शिकवू. मैत्रिणीचा नंबर माझ्याआधी होता. तिने चव्वेचाळीस सांगितले. तोवर सगळ्यांत कमी तेच होते. मग माझा नंबर आला. बीजगणितात एकोणीस, भूमितीत बावीस. मी म्हणाले, एक्कावन्न. तुम्ही लिहिलंत. माझ्यानंतरच्या कुणाचे गुण चव्वेचाळीसपेक्षा कमी नव्हते. शनिवारची शाळा सुटायच्या आत तिने दप्तर उचललं आणि पलीकडच्या वर्गात जाऊन बसली.

दुपारी घरी पेपर उघडले तेव्हा दिसलं. हातचा एक मी दोनदा धरला होता. एक्केचाळीस. खाली जायचं होतं मी. सगळा रविवार मला काही सुधरलं नाही, आणि सोमवारी सकाळी मी इतरांच्या आधी तुमच्या घरी आले. काकू चूल पेटवत होत्या. तुम्ही फडक्याने भिंत पुसत होतात. मी म्हणाले, “सर, त्या बेरजेचं...” तुमचा हात थांबला, असं मला वाटतं. मग पाठमोरेच म्हणालात, “लेहलं ते लेहलं. आता समोरचं गणित पाय.” आणि मी पाटी घेऊन खाली बसले.

इथेच माझं सगळं अडतं, सर. तुम्हाला कळलं होतं का? पेपर तुम्हीच तपासले होते, दोन्हींवरचे आकडे तुमच्याच लाल शाईतले. कुणाला कुठल्या गणितात किती दिले हे तुम्हाला महिनाभर पाठ असायचं. मग कळलं नसेल कसं? आणि कळलं असेल तर का सोडलंत? मी बौद्धपुऱ्यातली पहिली म्हणून? तसं असेल तर मला त्याचा आनंद व्हावा की संताप यावा, हे आजही ठरत नाही. की लिहिलेलं खोडायचं नाही, हा तुमचा हट्ट? की तुम्ही ऐकलंच नाही, त्याच वेळी काकूंनी रॉकेल संपल्याचं सांगितलं होतं आणि तुम्ही बोललात ते भलत्याच तंद्रीत? कधी वाटतं, तुम्ही माझ्यावर उपकार केलेत. कधी वाटतं, एका मुलीचं नुकसान करून दुसरीच्या गळ्यात ते बांधलंत आणि मोकळे झालात. मॅट्रिक झाल्यावर तुम्ही मला तुमचं जुनं लॉगचं पुस्तक दिलंत, पहिल्या पानावर लिहिलं होतं, ‘ताळा करत जा.’ ते वाचून मी पुस्तक लगेच मिटलं. पण ताळा करा, ताळा करा, हे तर तुम्ही उठता-बसता सगळ्यांनाच सांगायचे.

मैत्रीण मॅट्रिकनंतर लग्न होऊन रिठदला गेली. मध्ये बरीच वर्षं आम्ही भेटलो नाही. तुमच्या जाण्याची बातमी मला तिनेच दिली, वाशीमच्या बसस्टँडवर, मांडीवर नातू घेऊन. तिथल्या बाकावर मी तिला ते सगळं सांगून टाकलं, हातच्याचं. वाटलं होतं, ती उठून जाईल. ती म्हणाली, “आजून तेच धरून बसली काय वं? मले त सुटल्यासारकं झालं होतं. ते भूमिती मले कायले पाह्यजे होती?” आणि नातवाचं नाक पुसलं. मला हलकं वाटायला हवं होतं. पण तिची बस लागली तेव्हा ती खिडकीतून म्हणाली, “चव्वेचाळीस होते ना माहे? मले आजून याद हाये.” बस गेली आणि मी तशीच उभी राहिले. ज्याचं काही वाटत नाही तो आकडा कुणी इतकी वर्षं लक्षात ठेवतं का? की माझ्यासाठीच ती खोटं बोलली होती? मला तिच्याबद्दलही काही समजत नाही.

मी शिकवत होते तोवर एकाही मुलाला स्वतःच्या गुणांची बेरीज करू दिली नाही. सहकारी म्हणायचे, बाई फार काटेकोर आहेत.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. ती मी मैत्रिणीला सांगितली नाही, बाबांना तर नाहीच, आणि वर लिहिताना तुम्हालाही सांगितली नाही. दुपारी घरी दिसलं असं मी लिहिलं ते खरं नाही. पेपर हातात पडले तेव्हाच भूमितीच्या पेपराच्या कोपऱ्यात मी पेन्सिलीने बारीक एक्केचाळीस लिहून ठेवले होते. ती उभी राहून चव्वेचाळीस म्हणाली, तेव्हा मी थुंकी लावून अंगठ्याने ते पुसले. तुम्ही का गप्प बसलात ते मला कळणार नाही. पण सर, मला बेरीज येत होती.