आप्पांच्या हातावरच्या रेघा

आप्पा, आज सशाच्या पायातला मज्जातंतू उघडून पाहिला. तीन महिन्यांपूर्वी मीच तो कापला होता. सूक्ष्मदर्शकाखाली नेहमीचंच दिसलं. वरच्या टोकातून बारीक धागे निघालेत, पुढे आलेत, आणि मधल्या व्रणापाशी अडून मागे वळून एकमेकांत गुंतलेत. वीस वर्षं मी हेच पाहते आहे. जखम बांधायला जे मांस येतं, तेच वाट बुजवतं. ते कसं थांबवायचं हे मला कळलेलं नाही. परवा लढाईवरून परतलेला उचगावचा एक शिपाई डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवला. मेलेला हात टेबलावर ठेवून तो म्हणाला, "बोटं येतील न्हवं, बाई?" मी नाही म्हणाले. तो हात उचलेना. "परत एकदा बघा की." मी परत पाहिलं. दुसरं काय करणार?

तुम्ही विळीवर पडलात तेव्हा मी पुण्याला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. कोपराच्या वर, आतल्या बाजूला खोल कापलं. शहापुरातल्या डॉक्टरांनी कातडी शिवली, जखम भरली, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होऊन वाकडं राहिलं. मागावरचा धोटा हातातून निसटायला लागला. मी शिक्षण सोडून मागावर बसते म्हणाले, तर तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत. आमच्या प्राध्यापकांनी मला एक परीक्षा सांगितली होती. तुटलेला तंतू वाढत असला, तर त्याच्या टोकावर टिचकी मारली की बधिर बोटांत मुंग्या येतात, आणि तंतू वाढेल तशी ती जागा मनगटाकडे सरकते. मग आपलं ठरलं. जागा सरकली तर मी पुण्याला परत जायचं, नाही सरकली तर मागावर बसायचं.

दर सुट्टीत मी तुम्हाला मागापाशी बसवून टिचक्या मारायची आणि मुंग्या येतील तिथं शाईनं रेघ ओढायची. आक्का दारातून म्हणायची, "आप्पांच्या हातावर नकाशा काढतीस व्हय गं? बेळगाव कुठं आलं त्यात?" मी तिला गप्प करायची. तुम्हालाही दटावायची, की उगीच होय म्हणू नका, नीट जाणवेल तेव्हाच सांगा. "लई कडक मास्तरीण हाय," तुम्ही तिला सांगायचात. रेघा पुढे सरकत होत्या. वहीत त्यांची अंतरं मी लिहून ठेवली होती. दर वेळी दोन बोटं, साडीच्या काठावरच्या पट्ट्यांइतकी सारखी. जिवंत वस्तू इतकी सारखी वाढत नाही. आज कुणा विद्यार्थिनीनं अशी वही आणली तर मी ती तिच्यापुढे फेकीन.

तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत टिचकी मारताना आक्कानं काहीतरी विचारलं, मी मान वळवली आणि बोट घसरलं. टिचकी अंगठ्याच्या बाजूच्या हाडावर बसली. तिथून तो तंतू जातच नाही.

"आल्या," तुम्ही म्हणालात. "गेल्या बारीपेक्षा लई जोरात."

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही खाली मागाकडे बघत होतात. पुढे तुम्ही गेलात तेव्हाही ती बोटं तशीच होती, आणि शेवटची सगळी वर्षं तुम्ही शेजाऱ्यांच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरून काढलीत. त्या टिचकीबद्दल मी तुम्हाला कधी लिहिलं नाही. गल्लीतल्या मास्तरांनी पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं असतं, आणि आक्कानं ऐकलं असतं. आता मास्तरही नाहीत, आक्काही नाही.

त्या दिवशी मी टाक शाईत बुडवला. मागच्या रेघेच्या पुढे बरोबर दोन बोटांवर रेघ ओढली, वहीत लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं पुण्याला गेले. मला कळलं होतं, आप्पा. मला जायचं होतं.