हनोईची रंगीत तालीम

१४ मार्च २०२०, शनिवार
हनोई कॅन्सल. एअरलाइनचा मेल आला, व्हाउचर देताहेत. केतकीने मेल दोनदा वाचला आणि भोपळी मिरची चिरायला घेतली. प्लॅनिंगला आता भरपूर वेळ मिळेल, असं सांगून मी बायकोला धीर दिला. मिरची जरा जास्तच बारीक चिरली गेली.

१५ मार्च
केतकीची अट विसरायला नको म्हणून इथे लिहितो. रोममध्ये मी एका दिवसात अकरा ठिकाणं दाखवली होती. शेवटच्या दोन चर्चमध्ये आमची लेक स्वानंदी उभ्या उभ्या झोपली. केतकी म्हणते, तिला स्वतःला रोममधलं फक्त माझं मनगटी घड्याळ आठवतं. म्हणून हनोई हा माझा शेवटचा चान्स. तिथल्या साहित्य मंदिरात दगडी कासवांच्या पाठीवर जुन्या पंडितांची नावं कोरलेल्या शिळा आहेत. आपल्याकडे देवापुढे एकच कासव असतं, तिथे ब्याऐंशी. त्या कासवांजवळ केतकीला अर्धा तास नुसतं बसायचंय. तेवढंही जमलं नाही, तर यापुढे ती माझ्याबरोबर कुठेही येणार नाही.
एक्सेलमध्ये कासवांना बारा मिनिटं होती. पंधरा केली. माणसाने लवचिक असावं.

१९ एप्रिल
केतकी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रोज स्वॅब तपासते. घरी आली की अंघोळ, जेवण, झोप. मी घरून काम करतो, त्यामुळे ताण मलाही आहे.
आज आयडिया सुचली. नाटकाची रंगीत तालीम होते, मग ट्रिपची का नको? हनोईची ठिकाणं आमच्या ब्लँचर्डस्टाउन उपनगराच्या नकाशावर बसवायची आणि चालून बघायची. पण घरापासून दोन किलोमीटरच जायला परवानगी आहे. एवढ्यात हनोई मावत नाही. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं.

१० मे, रविवार
मर्यादा पाच किलोमीटर झाली. हनोई बसलं! पहिला दिवस असा:
होआन किएम तळं: शॉपिंग सेंटर (दोन्हींना प्रदक्षिणा घालता येते).
एकखांबी पॅगोडा: राउंडअबाउट. मधोमध खांब आहे.
हो चि मिन्ह समाधी: टायरचं दुकान.
होआ लो तुरुंग: गार्डा स्टेशन, म्हणजे इथली पोलीस चौकी.
साहित्य मंदिर: लायब्ररी. ती बंद आहे, पण बाहेर बाक आहे.
वंशशास्त्र संग्रहालय: कार्पेटचं बंद पडलेलं दुकान.
स्वानंदीला नकाशा दाखवला. 'डॅड, दॅट्स अ टायर शॉप,' म्हणाली. दहा वर्षांच्या मुलीत कल्पनाशक्ती नाही. इथल्या शाळेचा परिणाम.

१७ मे, रविवार, दुपारी
पहिली तालीम. पाऊस. समाधीत टोपी घालत नाहीत आणि बोलत नाहीत, म्हणून टायरच्या दुकानासमोर दोघींना टोप्या काढायला लावल्या, मीही काढली. ओळीत उभे राहिलो. समोरच्या घरातून एका आजींनी पडदा सरकवून बघितलं.
पुढे गार्डाने अडवलं, कुठे निघालात म्हणून विचारलं. मी उत्तर तयार करेपर्यंत स्वानंदीने हनोई म्हणून सांगून टाकलं. गार्डाने माझं शीट वाचलं, 'ग्रँड' म्हणाला (इथे 'ठीक आहे'ला ग्रँड म्हणतात) आणि घर किती लांब आहे ते विचारलं. या सगळ्यात संग्रहालय राहिलं. दोष यंत्रणेचा आहे.

३० ऑगस्ट
उन्हाळ्यात बऱ्याच तालमी झाल्या, पूर्ण एकही नाही. मूळ कारण केतकी. लायब्ररीजवळ पोचलो की ती बाकावर बसते. मी शीट पुढे धरतो, तरी उठत नाही. पुढच्या वेळी लायब्ररी सगळ्यात शेवटी ठेवणार. म्हणजे बसायला वेळच उरणार नाही.

२५ ऑक्टोबर, रविवार
पुन्हा पाच किलोमीटरची मर्यादा. पुन्हा तालीम. लायब्ररी शेवटी ठेवूनही केतकी बसलीच. तिच्या लॅबमधल्या विजयालक्ष्मीबद्दल काहीतरी सांगत होती, तिला आयसीयूत हलवलंय वगैरे. वाक्य लांबत चाललं होतं. मी फक्त घड्याळावर बोट ठेवलं. ती लगेच उठली आणि घरापर्यंत झपाझप चालली. शिस्त हळूहळू अंगात भिनतेय.

२१ नोव्हेंबर
विजयालक्ष्मी हॉस्पिटलमधून घरी आली म्हणे. तिला काय झालं होतं, असं मी केतकीला विचारलं. केतकी म्हणाली, सांगितलं होतं.
बहुतेक मी मीटिंगमध्ये असेन.

१७ जानेवारी २०२१, रविवार
केतकीला तालमीला यायचं नाही. दमलीय म्हणाली. संध्याकाळी ती आणि स्वानंदी चालायला मात्र गेल्या. मी कुठे म्हणून विचारलं, तर असंच, म्हणाल्या. 'असंच' हे ठिकाण माझ्या शीटमध्ये नाही.
मी एकटा निघालो. सगळी ठिकाणं वेळेत झाली! पहिल्यांदाच! एकटा माणूस किती एफिशियंट असतो, हे कुणीतरी अभ्यासायला हवं. घरी येऊन सांगितलं, तर केतकी छान म्हणाली. हिरमुसलो थोडा, पण चहा चांगला होता.

२१ फेब्रुवारी, रविवार
दोघी दर रविवारी 'असंच' जातात. आज माझ्या तालमीत त्या सापडल्या. लायब्ररीच्या बाहेर, बाकावर. बरोबर केतकीची मैत्रीण सुमेधा, जरा लांब, कठड्यावर बसलेली. थर्मासमध्ये चहा, डब्यात चकल्या. स्वानंदीने सगळ्या फरशीवर खडूने कासवं काढली होती. केतकीचे बूट काढून ठेवलेले, पाय एका कासवावर.
मी कासवं मोजली. चौदा. ब्याऐंशी हवीत, हे नजरेस आणून दिलं. उरलेली पुढच्या रविवारी, असं स्वानंदी म्हणाली. किती वेळ बसला आहात विचारलं, तर तिघींपैकी कुणालाच माहीत नव्हतं. सुमेधाने मला चकली घ्यायला सांगितली. पण एकटा असल्यापासून लायब्ररी शेवटी नसते, माझा पॅगोडा बाकी होता, निघालो.
वळणावरून मागे बघितलं. केतकी मान मागे टाकून हसत होती. तिला असं हसताना मी कधी पाहिलं होतं, ते आठवेना. मग वाटलं, चकली घ्यायला हवी होती.

२२ फेब्रुवारी
कासवांची पंधरा मिनिटं अर्धा तास केली. त्यासाठी तुरुंग कापावा लागला. केतकीला आनंदाची बातमी म्हणून सांगायला गेलो, पण ती व्हिडिओ कॉलवर होती. मेसेज केला. तिने अंगठा पाठवला. प्रतिसाद उत्तम.

३० मे, रविवार
एअरलाइनचा मेल, व्हाउचरची मुदत पुढे ढकला. माझ्याआधी केतकीनेच ढकलून टाकली होती. व्हिएतनाम उघडलं की जायचं, प्रवासी दोन: ती आणि स्वानंदी. माझं काय, असं विचारलं. ती शांतपणे म्हणाली, तुझं व्हाउचर तुझ्या नावावर आहे, तुला हवं तेव्हा जा. भांडण नाही, आवाज नाही. वर चहा टाकू का, म्हणून विचारलं.
मी समजू शकतो. कुणीतरी पुढे जाऊन जागा बघून यायला हवी. मी शीट देऊ केलं. स्वानंदी म्हणाली, 'वी आर ग्रँड, डॅड.' केतकी म्हणाली, त्या एका दिवसात एकच जागा बघणार. माझ्या चार दिवसांच्या शीटमध्ये एकोणीस ठिकाणं आहेत, या हिशेबाने हनोईला एकोणीस दिवस लागतील, हे मी तिच्या लक्षात आणून दिलं. ती हो म्हणाली. डोळे लकाकले तिचे.

रात्री
एका प्रवाशासाठी नवीन शीट केलं. कुणासाठी थांबायचं नसेल, तर चार दिवसांचं हनोई दोन दिवसांत संपतं. उरलेल्या दोन दिवसांत काय करायचं, ते अजून सुचलेलं नाही.