तुळशीचं अर्थिंग

ती. रावजीकाकांस,

श्रुतिकाचा नमस्कार. तुमचा गुडघा आणि काकींचा राग दोन्ही उतरले असतील अशी आशा आहे. (आधी काय उतरलं ते कळवावं.) इथे वाडीवर मी आणि आत्या बऱ्या आहोत. घरातली तिसरी बरी नाही, आणि पत्राला कारण तीच आहे. फोन केला नाही, कारण आपल्या घरी रेंज फक्त अंगणातल्या तुळशीच्या कट्ट्यावर बसलं तरच येते, आणि तिथे आत्या सूप घेऊन बसलेली असते. बाहेरून केला तर काकी शेजारी बसून ऐकतात, आणि मेसेज मोठ्याने वाचून दाखवतात. म्हणून शेजारचा भरत मुंबईची गाडी घेऊन निघाला आहे, त्याच्या हाती हे पाकीट देते. कृपया एकटे असताना उघडा.

तुम्हाला माहीत आहे की कंपनीतल्या एका मुलाने नोकरी सोडताना त्याची इलेक्ट्रिक गिटार मला स्वस्तात दिली. ही गिटार अॅम्प्लिफायरशिवाय वाजवली की डब्यात अडकलेल्या डासासारखी ऐकू येते. तयार अॅम्प्लिफायर मिळतो, पण माझं शिक्षण मेकॅनिकलचं आहे आणि मी बिरवाडीला कंपनीत पंप बघते, तेव्हा मला वाटलं की करंट म्हणजे पाणीच, फक्त दिसत नाही. (हे वाक्य मी मागे घेतलेलं आहे.) अॅम्प्लिफायर घरीच जोडायला घेतला. पहिला कपॅसिटर उलटा लागला आणि फुटला. आत्या बाहेरून म्हणाली, "दिवाळीला अवकाश हाय गो, आतापासून कशाला फटाके?" दुसरा सुलट लावला. नवरात्रात जुन्या टीव्हीच्या स्पीकरमधून गिटारचा आवाज आला, पण त्याच्या मागे एक जाड, अखंड घूं होती. आत्याने थोडा वेळ ऐकलं आणि भाताच्या गिरणीचं काम कुणी घेतलंय का म्हणून विचारलं.

तुम्ही आयुष्यभर वायरमनचं काम केलंत, म्हणून मी तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, अर्थिंग बघ. मी बघितलं. आपल्या घरातल्या सॉकेटचं तिसरं भोक कशालाच जोडलेलं नाही. ते शोभेला आहे. तांब्याची कांब ठोकायला अंगणात जागा शोधली तर सगळीकडे हातभर खाली कातळ. खोल, मऊ माती एकाच ठिकाणी होती. तिथे कांब ठोकली, वायर खिडकीतून आत घेतली. आत्याला वाटलं, तुळशीच्या लग्नाला लायटिंग करणार. मी नाही म्हटलं नाही.

घूं कमी झाली. मात्र ऑक्टोबरच्या उन्हाने माती सुकली की परत वाढायची, आणि पाणी घातलं की परत कमी. म्हणून मी रोज सकाळी कामावर जाण्याआधी आणि आल्यावर तुळशीला तांब्याभर पाणी घालू लागले, आणि वायर सुटली नाही ना हे बघायला तिच्याभोवती एक फेरी मारू लागले. अनवाणी, कारण अंगणात चिखल झाला होता. याकडे बाहेरून कसं बघितलं जाईल याचा विचार मी केला नव्हता. आत्याने केला. तिने शेजारच्या चंपाबाईला सांगितलं, "पोरीच्या मनात हाय, तोंडात नाय. झाडाला सांगते बिचारी." पुढच्या रविवारी बिरवाडीहून एक स्थळ पोहे खाऊन गेलं.

मुलाचं नाव विनीत, काम कारखान्यातल्या पाण्याच्या प्रयोगशाळेत. त्याच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. प्रश्न तत्त्वाचा होता. ज्या भक्तीसाठी मला बघायला आले, ती भक्ती नव्हती, अर्थिंग होतं. पाणी घालणं थांबवायचं तर घूं वाढणार, म्हणून मी तुम्हाला पुन्हा फोन केला (चालत टेकाडावर जाऊन). तुम्ही म्हणालात, "खड्ड्यात जाडं मीठ आणि कोळसा घाल, वर्षभर बघायला नको." सल्ला शास्त्राला धरून होता. खड्डा कुठे आहे हे तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही. मिठाची पिशवी मी पूर्ण रिकामी केली.

तुळस आधी मलूल झाली, मग तपकिरी. त्याच सुमारास विनीतची आई विसरलेला डबा न्यायला म्हणून त्याला घेऊन पुन्हा आली. कट्ट्यातून खिडकीकडे जाणारी वायर बघून त्याने विचारलं, "हे काय आहे?" मी जे आहे ते सांगितलं. त्याने चिमूटभर माती कागदात बांधून नेली आणि दोन दिवसांनी मेसेज केला: झाड वाचणार नाही, अर्थिंग मात्र उत्तम झालंय. शेवटी हसरा चेहरा वगैरे काही नव्हतं.

आत्याला मिठाचं माहीत नाही. तिने निकाल दिला आहे, "तुळशीलाच हे स्थळ पसंत नाय गो." भाऊबीजेपर्यंत पालवी फुटली तर ठीक, नाहीतर ओवाळणी झाली की बिरवाडीला नकार कळवणार, कारण जिच्या अंगणात तुळशीचंच लग्न लागत नाही तिने दुसऱ्याची लग्नं काढू नयेत, असं तिचं म्हणणं. थोडक्यात, मला स्थळ नको होतं आणि ते आपोआप जात आहे. अॅम्प्लिफायर चालू आहे. तक्रार करण्यासारखं काही नाही.

काकींना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद.

तुमची,
श्रुतिका

ता. क. घूं पूर्ण गेली. ट्रान्सफॉर्मर गिटारच्या वायरीला चिकटून बसवला होता, तो उचलून अॅम्प्लिफायरच्या डब्याच्या दुसऱ्या टोकाला लावला. म्हणजे तुळस विनाकारण गेली. वाईट वाटलं. कट्ट्यातली सगळी माती काढून नवीन भरली आहे. आत्याला सांगितलं की वाळवी होती. कांब आता आंब्याखाली आहे.

ता. क. २. भाऊबीजेला तुम्ही येतच आहात. येताना कृष्णतुळशीचं रोप आणा, काळपट देठाचं, वीतभर, मंजिऱ्या नसलेलं. महाडच्या बाजारात घेऊ नका. तिथे आत्याला सगळे ओळखतात. आदल्या दिवशीच या, ती ओढ्यावर गेली की लावू. मीठ कुणी सुचवलं हे तुमच्या थोरल्या बहिणीला कळण्याचं काही कारण नाही. रोप आलं तर.

ता. क. ३. तुम्ही विचाराल की स्थळ नको तर घाई कशाची. विनीतने विचारलं आहे की घूं गेली तर गिटार ऐकायला येऊ का. मी या म्हटलं आहे. नकार कळवलेल्या घरी माणूस कसा येईल? रोप दोन आणा, एक जगलं नाही तर.