एका जागी बसवलेली मेंढरं

भिमाजींचा मळा, सटाणा
ता. ७ आक्टोबर १९३४

सौ. आक्कास लहानूचा सा. न. वि. वि.

इकडे खुशाल. दाजींचा मोडलेला पाय कसा आहे? दवाखान्यात भाकरी मिळते की नुसती पेज?

निघताना तू गळ्याची आण घातलीस, लहान्या, दाजी येईस्तोवर मेंढरं घेऊन भटकायचं नाही, एका जागी बसायचं. आक्का, मी बसलोय. मालेगावला कुस्त्या होत्या, तिकडं फिरकलोसुद्धा नाही. भिमाजीबाबा खूश, लेंडीखत आयतं पडतंय. त्यांच्या घरच्या चिमणाबाईकाकूंचा ठेचा असा की कानातून धूर निघावा.

हां, कोकरांचं राहिलंच. हगवणीनं वाळलीत. हनुवटीखाली पाण्याची पिशवी लोंबते. दोन गेली. म्हाताऱ्या मेंढ्या मात्र ठणठणीत! चारा तोच, पाटाचं पाणी तेच. उलट, कोकरं दमू नयेत म्हणून मी त्यांना मेंढरांच्या वाड्यालगतचं कोवळं, ओलं गवत राखून ठेवतो. मग चुकलं कुठं? माझं डोकं चालेना.

रागावलीस तरी माया पातळ करू नको.
तुझा लहानू

नाशिक, ता. १२ आक्टोबर

चि. लहानूस अनेक आशीर्वाद.

भागुबाई आक्का सांगतात, मी लिहिते. शेजारच्या खाटेवर माझे अब्बा आहेत. (तुमचं अक्षर म्हणजे सांडलेल्या लेंड्या.)

आक्का म्हणतात, खरं सांग लहान्या, कोकरं टाकून कुठं उंडारायला गेला होतास? बसल्या जागी कशी मरतील? दाजींना मी अजून कळू दिलं नाही. म्हाताऱ्या मेंढ्या किती दिवसांच्या सोबती? औंदाची कोकरं गेली तर कळप संपला. मग बऱ्या झालेल्या पायानं दाजींनी कुणामागं चालायचं? सटाण्याला ढोरांचे डॉक्टर येतात, त्यांना गाठ. वाटेत रेंगाळू नको.

आशीर्वाद आहेतच, काळजी त्याहून जास्त.
आक्कांसाठी, मेहरुन्निसा

सटाणा, ता. १७ आक्टोबर

सौ. आक्कास सा. न. वि. वि.

आज तिसरं कोकरू गेलं, तेच घोंगडीत घेऊन डॉक्टरांकडे गेलो. वाटेत एक माणूस अस्वल नाचवत होता, थोडाच थांबलो. डॉक्टरांनी आतडं चिरलं. आत दोऱ्यासारखे जंत वळवळत होते. म्हटलं, मग म्हाताऱ्यांच्या पोटात नाहीत का? तर म्हणाले, आहेत की, पण त्यांचं अंग सरावलंय; कोकराचं नवखं. जंतांची अंडी लेंडीतून पडतात, ओल्या गवतात पिलं निघतात, कोकरं तेच गवत खातात. सरावायचं म्हणजे म्हाताऱ्यांनी नेमकं केलं काय, ते मला अजून उमगलेलं नाही.

म्हटलं, म्हणजे आयाच लेकरांना मारतात? डॉक्टर म्हणाले, आया नाही रे बाबा, तू. एकाच जागी महिनाभर मेंढरं बसवतात होय?

आक्का, दाजी दोन-चार रात्रींत शेत बदलतात ते मला वाटे खताच्या बदल्यात शेतकऱ्यांकडून दाणे मिळावेत म्हणून. जन्मात एकदा कुठं गेलो नाही आणि त्यानंच घात झाला! डॉक्टरांनी जंतांवर औषध म्हणून मोरचुदाचं पाणी दिलंय. ते धडधाकट मेंढ्यांनाही पाजायचं आणि इथून कोरड्या माळावर हलायचं. पण तुझी आण? तुझ्या गळ्याला काही झालं तर? इकडं आड, तिकडं विहीर. तीन कोकरं गेली. लगोलग कळव.

तुझा गोंधळलेला लहानू

नाशिक, ता. २१ आक्टोबर

चि. लहानूस आशीर्वाद.

आण सुटली, सुटली, सुटली! आक्कांनी हे इतक्या जोरात म्हटलं की नर्सबाई धावत आल्या. दाजींना सगळं सांगितलं. ते भिंतीकडे तोंड फिरवून म्हणाले, कार्ट्यानं जन्मात एकदाच बहिणीचं ऐकलं, तेही नको तेव्हा. आक्का म्हणतात, चूक माझीही. आता भटक. हे पत्र पुरं वाचायलाही थांबू नको.

आक्कांसाठी, मेहरुन्निसा

माळावरून, ता. ६ नोव्हेंबर

सौ. आक्कास सा. न. वि. वि.

पत्र चालता चालता वाचलं. आणखी एक कोकरू वाटेत गेलं. बाकीची तगलीत. काळतोंड्या कोकराच्या हनुवटीखालची पिशवी ओसरली. काल त्यानं दूध पिताना आईला अशा ढुसण्या दिल्या की म्हातारी कोलमडली. दाजींना सांग, पाय बरा झाला की मागं चालायला कळप आहे.

मेहरुन्निसाबाईंना म्हणावं, अक्षर सुधारतोय. पण उत्तर धाडू नका. ते येईपर्यंत आम्ही इथं नसू.

लोभ तिथूनच राहू दे, आम्हाला पोचेल.
तुझा लहानू